वाचनावांचून निबंध

दहावीची परीक्षा जवळ आली कीं, वडगांव, तळेगांव, लोणावळा येथील दुकानांत तयार निबंधांच्या पुस्तकांस मागणी येते. 'पावसाळा', 'माझी आई', 'शेतकऱ्याचें मनोगत' हे निबंध मुलगा पाठ करितो, आईबाप म्हणवून घेतात, परीक्षक गुण देतो, आणि सर्वांचें समाधान होतें. या समाधानासच आमची हरकत आहे. ज्या लोणावळ्यास वर्षाकाठीं सुमारें ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथील मुलगा पावसावरील निबंधाचा आरंभ मावळ कधीं न पाहिलेल्या कोणा लेखकाच्या वाक्यानें करितो. घाटांत दाटलेलें धुकें, चिखलांत वाकून चाललेली भाताची लावणी, भिंतींस आलेली ओल, हें सारें त्याच्या डोळ्यांपुढें असतां कागदावर त्यांतलें कांहींच उतरत नाहीं.

याचा दोष मुलाच्या माथीं मारणें हा अन्याय होय. कोणी मोबाइलास बोल लावितात, कोणी इंग्रजी शाळांस. आमच्या मतें मूळ कारण याहून साधें आहे. ज्यानें चांगला निबंध कधीं लक्ष देऊन वाचला नाहीं, त्याजकडून आपण चांगला निबंध मागतों. ग्रामीण भारताच्या 'असर' पाहणींत दुसरीच्या इयत्तेचा उतारा वाचूं शकणारीं पांचवींतील मुलें २०१८ सालीं शेंकडा ५०.५ होतीं, कोरोनाच्या साथींत शाळा बंद राहिल्यावर २०२२ सालीं हा आंकडा ४२.८ वर आला, व २०२४ सालीं सुधारून ४८.८ झाला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलें तीन इयत्ता मागें. हे आंकडे साऱ्या देशाचे आहेत, एकट्या मावळचे नव्हेत. परंतु त्यावरून रोग किती खोल आहे हें कळतें. शिवाय अक्षरें वाचतां येणें ही नुसती वेस झाली. गांव पुढेंच आहे.

वाचनानें लेखन सुधारतें असें सर्वच म्हणतात; कसें सुधारतें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. पुष्कळांची समजूत अशी कीं, पुस्तकांतून सुभाषितें व अलंकार वेंचून वहींत उतरावे आणि निबंधांत पेरावे. ही निव्वळ उसनवारी झाली. आणि उसन्या मालावर पेढी उभी राहत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. वाचनापासून घ्यावयाची ती विचाराची बांधणी : लेखक कोठून निघाला, पुरावा कोणता दिला, प्रतिपक्षाचें म्हणणें कोठें घेतलें, आणि कोठें येऊन थांबला. वकिलीच्या धंद्यांत हाच क्रम आम्हांस रोज लागतो. आधीं हकीकत, मग कारणें, मग मागणी. हकीकत नसलेला दावा कोर्टांत टिकत नाहीं. हकीकत नसलेल्या निबंधास मात्र शाळेंत गुण मिळतात!

ही बांधणी शिकण्याची कृति कांहीं नवी नाहीं. बेंजामिन फ्रँक्लिन हा बोस्टन येथील मेणबत्त्या करणाराचा मुलगा. भावाच्या छापखान्यांत उमेदवारी करीत असतां त्यास 'स्पेक्टेटर' या इंग्रजी पत्राचा एक खंड मिळाला. त्यांतील निबंधाच्या प्रत्येक वाक्याचा आशय तो थोडक्यांत टिपून ठेवी, कांहीं दिवस जाऊं देई, मग पुस्तक मिटून त्या टिपणांवरून सारा निबंध आपल्या शब्दांत लिही, आणि मुळाशीं ताडून आपल्या चुका शोधी. कधीं टिपणांची सरमिसळ करून क्रम स्वतः लावी. हें त्यानें आत्मचरित्रांत सांगितलें आहे. आमच्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ पासून निबंधमालेचे ८४ अंक काढले, ते संस्कृत व इंग्रजी ग्रंथांच्या दांडग्या व्यासंगावर. जॉन्सन व मेकॉले यांचें ऋण त्यांच्या शैलींत दिसतें, परंतु विषय आणि आवेश महाराष्ट्राचाच. मावळकरांस तर फार दूर पाहावयास नको. 'ग्रंथमाला' मासिक चालविणारे विष्णु गोविंद विजापूरकर यांचें समर्थ विद्यालय तळेगांव दाभाडे येथेंच होतें. १९१० सालीं इंग्रज सरकारनें तें बंद पाडलें. राष्ट्रीय शिक्षणाची शाळा परक्या सरकारास खुपली. आज तें सरकार नाहीं. आज आपणच मुलांच्या हातीं गाइड देऊन त्यांस गप्प बसवितों.

मावळांतील शाळांनीं फ्रँक्लिनची कृति येथील सामग्रीवर चालवून पाहावी. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील खांबांवर सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या दात्यांचे लेख आहेत. धेनुकाकट येथील दात्यांनीं, ज्यांत यवन म्हणविणारेही होते, आपला गांव, आपलें नांव आणि खांबाचें दान एवढेंच कोरविलें. त्याच लेण्यांतील वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख मात्र हें शैलगृह जंबुद्वीपांत उत्तम असल्याचें सांगतो. शिक्षकानें दोन्हींचा अर्थ फळ्यावर लिहून विचारावें : यांत साक्ष कोणती आणि स्तुति कोणती? हा भेद ध्यानांत आला म्हणजे मुलास आपल्या निबंधांतील पोकळ वाक्यें आपणच दिसूं लागतील. मग एखाद्या मराठी लेखकाचा उतारा घ्यावा, त्याचीं टिपणें करावीं, पुस्तक मिटून लिहावें, ताडून पाहावें. आणि शेवटीं त्याच बांधणीनें लावणीवर, घाटांतल्या रेल्वेवर किंवा चिक्कीच्या दुकानावर स्वतः पाहिलेलें लिहावें.

हा गुणांचाच प्रश्न असता तर अग्रलेखाची जागा आम्हीं अडविली नसती. मावळ हा धरणांचा, महामार्गांचा व भूसंपादनाचा मुलूख. ९ ऑगस्ट २०११ रोजीं पवना धरणाच्या बंद जलवाहिनीस विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला व तिघे प्राणांस मुकले. त्या वादाचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. पण जमिनीची नोटीस आली असतां ती समजून घेऊन मुदतींत आपल्या शब्दांत हरकत लिहूं शकेल, असा माणूस आज किती घरांत सांपडेल? ज्यास आपलें गाऱ्हाणें मांडतां येत नाहीं, त्याचें गाऱ्हाणें दुसरा मांडतो, आणि तो तें बहुधा स्वतःच्या सोयीनें मांडतो.

शिक्षक म्हणतील, वेळ नाहीं. आमचें उत्तर असें कीं, महिन्यास चार निबंध लिहवून घेण्याऐवजीं एकच लिहवावा, त्याचे दोन खर्डे करवावे, आणि वांचलेले तास वाचनास द्यावे. तपासणीचें ओझेंही हलकें होईल. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळतात, तें ठीकच आहे. पण वर्षांतून एक दिवस जेवून कोणी पुष्ट होत नाहीं.

राहिला पुस्तकांचा प्रश्न. तो आमच्या व्यापारी बांधवांनीं मनांत आणिल्यास सुटण्यासारखा आहे. उत्सवाच्या वर्गणींत हात न आंखडणाऱ्या प्रत्येक पेढीनें जवळच्या एका शाळेस एकाच चांगल्या पुस्तकाच्या वीस प्रती द्याव्या, म्हणजे दोघां मुलांत एक पुस्तक येईल व सारा वर्ग एकाच पानावर बसेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांस झाला. तो दर्जा शाळेच्या बांकावर दिसावयाचा तर येत्या जूनमध्यें गाइडांच्या आधीं हीं पुस्तकें वर्गांत पोहोंचलीं पाहिजेत, एवढीच आमची मागणी आहे.