उन्हावर चालणारं विमान!

चंद्रपूरच्या उन्हाला शिव्या घालताय? थांबा! रिमोटवरच्या इलेक्ट्रिक ग्लायडरसाठी हेच ऊन फुकटचं इंधन आहे. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, ती थर्मल. घार पंख न हलवता तिच्यावरच घिरट्या घेत वर जाते. म्हणून बजेट कमी असेल तर तगड्या मोटरच्या मोहात पडू नका. ती फक्त सुरुवातीची उंची गाठून देते. बघायचं ते २ मीटरचे पंख, कमी वजन, चिकटवता येणारी फोमची बॉडी आणि मोटर थांबताच मिटणारा प्रॉपेलर. उडवा मोकळ्या, नांगरलेल्या शेतावर. गडचिरोलीच्या दाट झाडीवर थर्मल कमी, आणि अडकलेलं विमान काढायला वर कोण चढणार? आणि हो, लिथियम बॅटरी उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. पेटली तर गाडीही जाईल!