दान आणि बिदागी

पूरग्रस्तांसाठी वा एखाद्या इमारत-निधीसाठी जलसा ठरला, की मंडपवाल्याची रक्कम आधी ठरते, ध्वनिक्षेपकवाल्याला आगाऊ पैसे मिळतात, गिटार वाजविणाऱ्या तरुणाला मात्र सांगण्यात येते, "सत्कार्य आहे, आपण काही घेऊ नये." त्याने बिदागीचे नाव काढले तर तो स्वार्थी ठरतो. आमच्या गोव्यात वाद्ये घरोघरी. त्यामुळे वादन हे श्रमच नव्हेत, असा समज येथे अधिकच बळावलेला आहे. हा न्याय मला मान्य नाही.

ज्या रॉक संगीताला आपली वडीलधारी मंडळी 'धांगडधिंगा' म्हणून मोकळी होतात, त्यातीलच एक उदाहरण विद्यार्थी मित्रांपुढे ठेवतो. लिव्हरपूलचा जॉर्ज हॅरिसन हा 'बीटल्स' या चौकडीतील वयाने सर्वांत लहान. लेनन व मॅकार्टनी यांच्या गीतांच्या गर्दीत त्याच्या एखाद-दुसऱ्या गीतालाच जागा मिळे. १९७० साली चौकडी फुटली आणि साचून राहिलेली त्याची गीते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तीन तबकड्यांच्या संचातून बाहेर पडली. तो संच अमेरिकेत विक्रीच्या अग्रस्थानी गेला. एकट्याच्या नावावर तो प्रथमच असा उभा राहिला.

त्याच महिन्यात पूर्व बंगालला भीषण चक्रीवादळाने झोडपले होते. १९७१ च्या मार्चपासून तेथे लष्करी अत्याचार सुरू झाले आणि निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले. ज्यांच्यापाशी हॅरिसन सतार शिकला, त्या पंडित रविशंकरांनी ही व्यथा त्याच्या कानी घातली. त्यांच्या मनात एक लहानसा कार्यक्रम होता. हॅरिसनने अवघ्या काही आठवड्यांत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १ ऑगस्ट १९७१ रोजी दोन प्रयोग उभे केले. सुमारे ४०,००० श्रोते आले. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ व तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती बसले होते. त्यांनी वाद्ये जुळविली, तेच संगीत समजून श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या! पुढे बॉब डिलन गायला. त्या काळी तो रंगमंचावर क्वचितच दिसे. पण हॅरिसनच्या शब्दाला आता वजन होते. ते वजन त्याला धंद्यातील यशानेच दिले. कारकीर्द घडविणे आणि परोपकार यांत वैर मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

प्रयोगांचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफला तत्काळ पोहोचले. ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांच्या उत्पन्नाचे मात्र तसे झाले नाही. धर्मादाय कार्याची रीतसर नोंद आधी केलेली नसल्याने अमेरिकेच्या कर-खात्याने हरकत घेतली आणि मोठी रक्कम कित्येक वर्षे अडकून पडली. ज्यांच्यासाठी ती जमली, त्यांची भूक काही थांबून राहणार नव्हती. १९७३ साली हॅरिसनने स्वतःचा धर्मादाय न्यास स्थापन केला व आपल्या पुष्कळशा नव्या गीतांचे हक्क त्याला देऊन टाकले. हे दान त्याने स्वेच्छेने दिले; कोणी भिडेस घालून घेतले नाही.

तेव्हा पुढील मदतीच्या कार्यक्रमात तरुण वादकाला प्रथम त्याची बिदागी विचारावी. त्याने ती निधीस परत केली, तर देणगीदारांच्या यादीत त्याचे नाव रकमेसह, शेठजींच्या नावाशेजारी छापावे. आणि जमाखर्चाचा कागद आठ दिवसांच्या आत फलकावर लावावा, मंडपवाल्याच्या पावतीसकट.