फुस्स!

सिग्नलला उभ्या उभ्या गाडी आपोआप रेस होते, मग मरगळते, मग पुन्हा रेस होते. अगदी अप्रेझलच्या महिन्यातल्या बॉससारखी. आमच्या सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅकचं तीन आठवडे हेच चाललं होतं. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. खिसा हलका, फरक शून्य.

शेवटी एका रविवारी उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी लावली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि नुसता कान लावला. "फुस्स ऐकू येतंय?" येत होतं. करंगळीहून बारीक रबरी पाइप, टोकाशी तडकलेला.

पेट्रोल इंजिन आयडलिंगला असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्याहूनही कमी होतो. या ओढीवर गाडीतली बरीच कामं चालतात. पाइप तडकला की फुकटची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं आणि आयडलिंग बिघडतं.

"निळा सिलिकॉन टाका ना, मस्त दिसतो!" मी म्हटलं. मिस्त्रींनी माझ्याकडे, बिर्याणीवर केचप मागणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

मग शिकवणी सुरू झाली. सिलिकॉनला उष्णतेचं वावडं नाही, २०० अंशांच्या आसपासही तो टिकतो. पण पेट्रोल आणि ऑइल लागलं की फुगतो. नुसती हवा जाणाऱ्या लाइनला चालेल. इंजिनाच्या पोटातली ऑइलची वाफ खेचणाऱ्या पाइपला (गॅरेजच्या भाषेत पीसीव्हीचा पाइप) नाही. ईपीडीएम रबर उन्हाला, ओझोनला पुरून उरतो, पण ऑइलशी त्याचंही जमत नाही. ऑइल आणि पेट्रोलच्या वाफेला नायट्राइल बरा. मात्र उष्णतेनं तो हळूहळू कडक होतो आणि तडकतो. व्हायटॉन जातीचं रबर दोन्ही सोसतं, पण किंमत ऐकून आपणच मरगळतो. म्हणजे एकच पाइप सगळीकडे, हे चालायचं नाही. आणि भिंत जाड हवी. पातळ, मऊ पाइप गरम झाला की आतल्या ओढीनं चपटा होतो.

"ब्रेक कडक लागतो का हो?" त्यांनी मध्येच विचारलं.

आठवलं. आईला घेऊन बदलापूरला जाताना एका उतारावर पेडल दगडासारखं लागलं होतं. मी दोन्ही पाय रोवून गाडी थांबवली होती, आणि आईला सांगितलं होतं की रस्ता खराब आहे.

ब्रेक बूस्टरचा पाइप बघितला तर काय! आधीच्या मालकानं की त्याच्या गॅरेजवाल्यानं तिथे चक्क पारदर्शक प्लॅस्टिकची नळी बसवलेली. कूलरला पाणी भरायला लावतात तसली. उष्णतेनं मऊ होऊन ती मध्यभागी चपटी झाली होती. या जागी आत धाग्याचं विणकाम असलेला, बूस्टरसाठीचाच पाइप लागतो. इथे काटकसर नाही, आणि निळा रंगही नाही.

उल्हासनगरमध्ये काय मिळत नाही? फाळणीनंतर लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलेलं हे गाव, ८ ऑगस्ट १९४९ ला त्याचा पाया घातला गेला. 'मेड इन यूएसए'चा इथला जुना विनोदही तुम्हाला ठाऊक असेलच. तेव्हा पाइपवर छापलेल्या नावावर भाळू नका. जुना तुकडा सोबत न्या, आतला व्यास जुळवा. पाइप तोंडावर जोर लावून चढला पाहिजे. सैल असेल तर क्लिपनं आवळून भागत नाही.

घरी एक टेस्ट करा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर गाडी तिथेच ठेवा आणि मिस्त्रींना बोलवा.

आमचं पेडल आता खाली जातं. आईला खरं काय झालं होतं ते अजून सांगितलेलं नाही. हातभर निळा सिलिकॉन मात्र मी घेतलाच, एका साध्या हवेच्या लाइनसाठी. मिस्त्रींनी तो बसवला, पण तोंड वाकडं करून.