बागबगीचा : लॅव्हेंडरने मान टाकली तर…

जम्मूकडील डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या डोंगरउतारांवर लॅव्हेंडरची शेती होते. आता रोपवाटिकांमधून त्याच्या कुंड्या शहरातल्या गच्चीवरही येऊ लागल्या आहेत. मात्र पावसाळा लागला की ही रोपे माना टाकतात. तहान लागली असेल म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि रोप हातचे जाते.

लॅव्हेंडर मूळचे भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवरचे. किडीपेक्षा साचलेले पाणीच त्याला अधिक घातक. ओल्या मातीत फायटोप्थोरासारखे रोगजंतू मुळे कुजवतात. अशी मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून माती भिजलेली असूनही रोप सुकते.

तेव्हा आधी मातीत दोन पेरे बोट घालून पाहा. माती ओली असेल तर पाणी बंद करा आणि रोप अलगद कुंडीबाहेर काढा. निरोगी बारीक मुळे पांढरट, घट्ट असतात. कुजलेली काळपट, बुळबुळीत. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने छाटा. निम्मी माती, निम्मी जाड वाळू आणि अगदी थोडे शेणखत अशा मिश्रणात रोप पुन्हा लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत घालू नका. पावसाळ्यात कुंडी वारा खेळेल अशा आडोशाला ठेवा; खाली पाण्याची ताटली नको.

किडी त्या मानाने सोप्या. कोवळे शेंडे चिकट झाले, मुंग्या फिरू लागल्या की मावा समजावा. फांदी हलवताच पांढरे कण उडाले तर पांढरी माशी. उन्हाळ्यात पाने फिकट पडून बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. तेवढ्याने भागले नाही, तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुलिंबाचे तेल व साबणाचे चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारा.

पानांवर गडद पिवळे चट्टे येऊन ती वेडीवाकडी झाली तर तो विषाणूरोग असू शकतो. मावा आणि छाटणीची कात्री, दोन्ही तो पसरवतात. त्यावर औषध नाही. रोप काढून टाका, कात्री स्पिरिटने पुसा.

पावसाळ्याआधी निरोगी, बिनफुलाच्या फांदीचे तीन-चार इंची छाट वाळूत लावून ठेवावेत. मोठे रोप दगावलेच, तरी बागेतला सुगंध टिकेल.