सायकलस्वाराच्या पायाचा भाव रस्त्यावर ठरवू नका

भंगाराचा व्यापारी पाव किलो पितळेसाठी काटा दोनदा पाहतो. शिलाईचा कारागीर नगामागे आठ आणे कमी मिळाले तर कारखानदाराशी हुज्जत घालतो. पण हीच माणसे सायकलवरून जाताना टेम्पोने उडवली, मांडीचे हाड मोडले, तर रस्त्याच्या कडेलाच पाच-दहा हजारांत सौदा तुटतो. टेम्पोवाला खिशात हात घालतो, जमलेले लोक "जाऊ द्या भाई, गरीब माणूस आहे, पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता" म्हणतात, आणि पुढच्या सहा महिन्यांची रोजी तिथेच विकली जाते.

आमच्या वाचकांत सायकलवर पोट असलेले लोक पुष्कळ आहेत. पहाटे पाव पोहोचवणारे, भंगार गोळा करणारे, सायकलवरच सहाण बसवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरणारे, भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर रात्रपाळीला जाणारे. या दोन्ही गावांजवळून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि त्यावरून ट्रक-कंटेनर कसे धावतात हे सांगायला नको. म्हणून या अंकात सायकलस्वाराच्या हक्कांविषयी लिहीत आहोत.

पहिली गोष्ट मनातून काढून टाकावी ती ही, की सायकलला लायसन्स नाही, विमा नाही, म्हणून आपल्याला काही मिळणार नाही. उलट आहे. विमा सक्तीचा आहे तो मोटारवाल्याला, आणि तो मुख्यतः तुमच्यासाठीच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे प्रत्येक मोटार, ट्रक, रिक्षा, मोटरसायकल यांना 'थर्ड पार्टी' विमा काढावाच लागतो. ही थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरचा तिऱ्हाईत माणूस, अर्थात पायी चालणारा किंवा सायकलवाला. ड्रायव्हरचे लायसन्स खोटे निघाले तरी जखमीला विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालये देत आली आहेत. गाडीला विमाच नसेल तर मालकाची जबाबदारी उरतेच.

विम्याचे पैसे घ्यावेत की नाही, असे काही वाचक आम्हाला विचारतात. मसला सांगणे हे व्यापार-पानाचे काम नव्हे, तो आलिमांना विचारावा. कायद्याची बाजू एवढीच, की जखमीने कोणताही विमा काढलेला नसतो. नुकसान करणाऱ्याकडून त्याचे येणे असते आणि कंपनी ते त्याच्या वतीने चुकते करते.

आता येणे किती, ते पाहू. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ प्रमाणे मोटार वाहनाच्या अपघातात मृत्यू झाला तर ५ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये मिळतात. चूक कोणाची हे यात सिद्ध करावे लागत नाही. कायद्याच्या भाषेत हाड मोडणे किंवा सांधा निखळणे हीसुद्धा गंभीर दुखापतच आहे. म्हणजे ज्या मोडलेल्या पायाचे रस्त्यावर पाच हजार घेतले, त्याचा कायद्याने ठरलेला आकडा अडीच लाख होता.

दुसरा मार्ग कलम १६६ चा. यात मोटारवाल्याची बेपर्वाई दाखवावी लागते, पण भरपाईला ठराविक मर्यादा नाही. औषधपाणी, बुडालेली रोजी, झालेल्या वेदना, पुढे कमाई किती घटणार, हे सगळे त्यात धरतात. मोडलेली सायकल आणि सांडलेला माल यांचीही भरपाई मागता येते, म्हणून पंचनाम्यात त्यांची नोंद करून घ्यावी. धारवाल्याची सायकल ही नुसती सायकल नसते, ते त्याचे यंत्र असते. दोन्हीपैकी कोणता मार्ग धरावा हे जखम पाहून वकिलाशी बोलून ठरवावे. हात किंवा पाय कायमचा अधू झाला असेल तर अडीच लाखांवर घाईने समाधान मानू नये.

हात-पायांच्या अधूपणाची गोष्ट कारागिरांनी नीट समजून घ्यावी. डॉक्टर दाखल्यावर लिहितो, अपंगत्व वीस टक्के, चाळीस टक्के. तो आकडा शरीराचा झाला. कमाई किती टक्के गेली हा प्रश्न वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात हा फरक स्पष्ट करताना सुताराचेच उदाहरण दिले. डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरले जाईल, पण तो माणूस सुतार असेल आणि त्याला काम करता येणार नसेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. तोच माणूस सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित शाबूतही राहील. पुढे २०१४ साली पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याचे प्रकरण त्याच न्यायालयात आले. एका जागी बसून भाजी विकता येते, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही आणि कमाईचे नुकसान ८५ टक्के धरले. उत्पन्नाचा कागद नसतानाही महिना साडेसहा हजार उत्पन्न मान्य केले. २०१८ साली दोन्ही हात निकामी झालेल्या एका सुताराच्या दाव्यात त्याच्या उत्पन्नात पुढील वाढीचे ४० टक्के मिळवले गेले.

हिशेब व्यापाऱ्याला पटतो, म्हणून करूनच दाखवतो. समजा जरीकाम करणारा कारागीर ३८ वर्षांचा आहे आणि महिना १५ हजार कमावतो. वर्षाचे १ लाख ८० हजार झाले. स्वतःचा धंदा किंवा नगावर काम करणारा चाळिशीच्या आतला असेल तर २०१७ च्या निकालाप्रमाणे भावी वाढीचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २ लाख ५२ हजार. ३६ ते ४० या वयाला २००९ च्या निकालाने ठरवलेला गुणक १५ आहे. मनगट जायबंदी झाल्याने कमाई निम्मी गेली असे न्यायालयाने मानले, तर १ लाख २६ हजार गुणिले १५, म्हणजे १८ लाख ९० हजार. यात दवाखान्याचा खर्च अजून धरलेला नाही. पण त्याने आपला हुन्नर न्यायालयाला समजावून सांगितला नाही आणि डॉक्टरांच्या वीस टक्क्यांवरच दावा चालला, तर तोच आकडा ७ लाख ५६ हजारांवर येतो. सुई कोणत्या बोटांनी धरतात, ताण कोठे पडतो, दिवसाला किती नग निघत आणि आता किती निघतात, हे साक्षीत सांगावे लागते. वकिलाला जरीकाम ठाऊक असेलच असे नाही.

इतका पैसा कायद्यात असताना आमच्या लोकांच्या हाती का येत नाही? आमच्या मते तो बहुधा पहिल्या दोन दिवसांतच हातचा जातो.

जखमीला दवाखान्यात नेले की डॉक्टर विचारतो, कसे लागले? सोबतचे लोक पोलिसांच्या भीतीने सांगतात, "सायकलवरून पडला." डॉक्टर तेच लिहितो. वर्षभराने विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधीशांसमोर धरतो आणि विचारतो, मग आमची गाडी यात आली कोठून? त्यावर उत्तर देणे फार कठीण जाते. दवाखान्यात पहिल्याच घडीला खरे सांगावे, की अमुक जागी अमुक गाडीने धडक दिली. नंबर ठाऊक असेल तर तोही लिहून घ्यावा आणि पोलीस केस म्हणून नोंद करावी.

दुसरी चूक पोलीस ठाण्यात होते. "आपसात मिटले, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" अशा जबाबावर अंगठा उठवला की पुढचा दावा लंगडा झालाच. मोहल्ल्यातील बुजुर्ग मध्यस्थी करतात ती चांगल्या हेतूनेच, पण आमची त्यांना नम्र विनंती आहे की प्लास्टर निघेपर्यंत तरी थांबावे. हाड जुळले की वाकडे बसले हे त्याआधी डॉक्टरलाही सांगता येत नाही. आणि भरपाई द्यायची असते ती बहुतेक वेळा विमा कंपनीने, गरीब ड्रायव्हरने नव्हे. त्याची दया येऊन दावा सोडला तर फायदा कंपनीचा होतो.

एफ.आय.आर. ची नक्कल फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्यावी. पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे पाठवावा असा नियम आहे आणि न्यायाधिकरण त्या अहवालालाच दाव्याचा अर्ज मानू शकते. पण आम्ही म्हणू, त्यावर विसंबू नये. स्वतःचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा. अपघात जेथे झाला तेथेच जावे लागते असेही नाही. आपण राहतो किंवा धंदा करतो तेथील न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो.

या सहा महिन्यांबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. १९९४ साली मुदतीची अट काढून टाकली होती, कारण गरिबांचे दावे त्यात मरत होते. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि २०२२ पासून ती लागू झाली. ज्याचा पाय तीन-चार महिने प्लास्टरमध्ये आहे त्याने वकील कधी शोधायचा? सर्वोच्च न्यायालयात या अटीला आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश झाला. ज्यांची मुदत गेली त्यांनी म्हणून निराश होऊ नये. बाकीच्यांनी मात्र अंतरिम आदेशाच्या भरवशावर उशीर करू नये.

धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर? त्यासाठी वेगळी योजना आहे. मृत्यू झाला तर २ लाख, गंभीर दुखापत असेल तर ५० हजार. अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो. पन्नास हजारांत हल्ली एक शस्त्रक्रियाही होत नाही, पण तेवढेही लोक मागत नाहीत. ही योजना जखमीला समजावून सांगणे पोलिसांचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावले आहे. उपचारासाठी मे २०२५ पासून केंद्र सरकारची बिनपैशाची सोयही आहे. मोटार अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत उपचार मिळतात. दाखल करतानाच त्याची चौकशी करावी.

खड्ड्यात सायकल जाऊन पडलात तर मोटार अपघाताचा दावा होत नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख देण्याचा आदेश दिला आहे. तेव्हा खड्ड्याचा फोटो काढून ठेवावा. नंबर प्लेट नसलेल्या हलक्या विजेच्या स्कूटरने धडक दिली तर तीही कायद्यात बहुधा 'मोटार वाहन' ठरत नाही. मग भरपाईसाठी साध्या दिवाणी दाव्याचाच रस्ता राहतो. अशा स्कूटरी गल्लोगल्ली वाढल्या असताना ही मोठी उणीव आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष दिसत नाही.

आता दोन शब्द आमच्या दुकानदार आणि कारखानदार बांधवांसाठी. तुमच्या दुकानावर कॅमेरा असतो. त्यातील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. समोर अपघात झाला तर त्याच दिवशी ते उतरवून ठेवा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, असे संरक्षण कायद्याने दिले आहे, तेव्हा भीतीचे कारण नाही. आणि ज्यांच्याकडे जखमी कामाला होता त्यांनी मजुरीचा दाखला देताना हात आखडू नये. कामगार खात्याचा माणूस येईल म्हणून पंधरा हजारांच्या कारागिराला आठ हजारांचा दाखला दिला, तर वर केलेला सगळा हिशेब निम्म्यावर येतो. स्वतः व्यापार करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, की न्यायाधिकरण आधी आयकराचा कागद मागते. कागदावर जेवढी कमाई दाखवली, भरपाई साधारण तेवढ्याच कमाईवर मिळते.

सायकलवाल्याचीही जबाबदारी आहेच. रात्री मागे लाल रिफ्लेक्टर नसेल, उलट्या बाजूने जात असाल किंवा कॅरियरवर गठ्ठे इतके बांधले की सायकल डुलते, तर न्यायालय काही दोष तुमच्याकडे धरून कलम १६६ ची रक्कम कापू शकते. रिफ्लेक्टर काही फार महाग नसतो.

वकिलाविषयी. सरकारी दवाखान्याच्या दारात 'क्लेम' मिळवून देतो म्हणणारे दलाल उभे असतात आणि तिसरा हिस्सा मागतात. भरपाईत टक्केवारी ठरवून फी घेण्यास वकिलांना त्यांच्या नियमांनीच मनाई आहे. स्त्रिया, मुले, अपंग, कामगार आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. दाव्याला वेळ लागतो हे खरे, काही प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात, पण न्यायाधिकरण अर्जाच्या तारखेपासून व्याजही देऊ शकते. तडजोड करायचीच असेल तर लोकअदालतीत करावी. तेथे झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि कंपनीला तो पाळावा लागतो. मात्र त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी आकडा वरच्या रीतीने घरी मांडून पाहावा.