इतिहासासाठी शाळेबाहेर

मुलांनो,

इतिहासाचा तास बुडवायला मिळाला, तर तुमच्यापैकी किती जण खूश होतील? खरं खरं सांगा हं! सनावळ्या, तह, 'कारणे द्या', 'टिपा लिहा'... पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक असतं. पण आज ज्या मुलामुलींची गोष्ट सांगणार आहे ना, त्यांनी तास बुडवले ते इतिहास नको म्हणून नव्हे, तर पुरा इतिहास हवा म्हणून!

ही गोष्ट अमेरिकेतली, २०१४ सालची. तिथल्या कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर. या शहराला लागूनच, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, जेफरसन काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी समजा. तिथल्या सार्वजनिक शाळांत तेव्हा सुमारे ८५ हजार मुलं शिकत होती.

आपल्याकडे राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं 'बालभारती' तयार करते. १९६७ पासून पुण्यातून हे काम चालतं. म्हणून गडचिरोलीची मुलगी आणि सिंधुदुर्गातला मुलगा इतिहासाचं एकच पुस्तक वाचतात. अमेरिकेत असं देशभर एक पुस्तक नसतं. शाळांचा कारभार त्या त्या भागातलं निवडून आलेलं शिक्षण मंडळ पाहतं. जेफरसन काउंटीच्या मंडळात पाच सदस्य. नोव्हेंबर २०१३ च्या निवडणुकीत परंपरावादी विचारांचे तीन नवे सदस्य निवडून आले. पाचात तीन, म्हणजे बहुमत त्यांचं झालं.

त्याच सुमारास हायस्कूलच्या वरच्या वर्गांतल्या अमेरिकेच्या इतिहासाचा एक प्रगत अभ्यासक्रम बदलला होता. तो 'कॉलेज बोर्ड' ही संस्था ठरवते, आणि त्याची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालं की पुढे बऱ्याच कॉलेजांत त्याचा फायदा मिळतो. मंडळाच्या एका सदस्येला वाटलं, की या नव्या अभ्यासक्रमात देशाची काळी बाजूच फार रंगवली आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी एक प्रस्ताव मांडला. अभ्यासक्रम तपासायला समिती नेमावी. पुस्तकांतून देशप्रेम वाढावं, देशाच्या चांगल्या बाजू दिसाव्यात, अधिकाऱ्यांविषयी आदर वाटावा. आणि कायदा मोडणं, समाजात बेबनाव होणं, अशा गोष्टींना पुस्तकातून उत्तेजन मिळू नये.

वाचताना तुम्हांला वाटेल, यात वाईट ते काय? देशावर प्रेम करा, कायदा पाळा, हे तर आम्हीही वर्गात सांगतो.

थांबा. इथेच खरी गोम आहे. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात लोकांनी इंग्रजांच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. तो काय कायदा पाळणं होतं? पण अमेरिकेच्या स्वातंत्र्याची वाट तिथूनच जाते. १ डिसेंबर १९५५ ला मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली, कारण तिथला कायदाच तसा होता! मग शहरातल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसमध्ये पाऊल टाकलं नाही. हे धडे शिकवायचे, की गाळायचे? आणि शिकवायचेच, तर त्या बाईंचं चुकलं असं शिकवायचं का?

आपल्याच इतिहासाला हा नियम लावून पाहा. १९३० मध्ये दांडीला गांधीजींनी आणि आपल्या कोकणात शिरोड्याला सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला. तो धडा काढून टाकला, तर स्वातंत्र्यलढ्यात उरेल काय?

जेफरसन काउंटीच्या मुलांनाही हेच प्रश्न पडले. २२ सप्टेंबर २०१४ ला एव्हरग्रीन हायस्कूलमधले शंभरेक विद्यार्थी वर्गातून उठून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी आणखी शाळा, तिसऱ्या दिवशी आणखी. आठवडाभरात मुलं शेकड्यांनी रस्त्याकडेला उभी राहिली, हातात स्वतः रंगवलेले फलक घेऊन. त्यातली बहुतेक अठराच्या आतली. म्हणजे त्यांना मत देता येत नव्हतं. पण मत होतं.

दुसरी बाजूही ऐकू या. मंडळाच्या बाजूचे लोक म्हणाले, "आम्हांला लोकांनी निवडून दिलंय. शाळेत काय शिकवलं जातं ते पाहणं आमचं कामच आहे." हे खोटं नव्हतं. "शिक्षकांनी मुलांना पुढे केलंय," असंही ते म्हणाले. शिक्षकांचा आणि मंडळाचा पगारावरून वाद चालू होता, आणि १९ सप्टेंबरला बरेच शिक्षक एकदम गैरहजर राहिल्यानं दोन शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, हेही खरं. मुलं मात्र म्हणत राहिली, "आम्हांला कुणी शिकवून पाठवलेलं नाही. हा अभ्यास आमचा आहे."

मग कॉलेज बोर्डानं मुलांची बाजू उचलली. महत्त्वाचे भाग गाळले, तर त्या अभ्यासक्रमाला आमचं नाव लावता येणार नाही, असं त्यांनी कळवलं. २ ऑक्टोबरला मंडळाची सभा झाली. वादग्रस्त शब्द वगळले गेले, आणि अभ्यासक्रम तपासणाऱ्या समित्यांत विद्यार्थी, शिक्षक, पालक यांना घ्यायचं ठरलं. हा निर्णय तीन विरुद्ध दोन मतांनी झाला, आणि सगळ्यांचं समाधान काही झालं नाही. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये मतदारांनी खास मतदान घेऊन त्या तिन्ही सदस्यांना पदावरून दूर केलं. आणि गंमत पाहा, २०१५ च्या उन्हाळ्यात कॉलेज बोर्डानंही टीका लक्षात घेऊन आपला अभ्यासक्रम थोडा बदलला! म्हणजे ज्यांना तो एकांगी वाटत होता, त्यांच्या म्हणण्यातही काही तथ्य होतं.

मग यातून आपण काय घ्यायचं? उद्यापासून वर्गातून उठून चालू लागा, असं मी मुळीच सांगत नाही बरं का! तास बुडवला की अभ्यास बुडतो. त्या मुलांनीही ती किंमत मोजली. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. आईची चूक दिसली म्हणून आईवरचं प्रेम आटत नाही. देशाचंही तसंच. चुका झाकून ठेवलेला इतिहास गुळगुळीत होतो, पण त्यातून आपण शहाणे होत नाही.

पालकांनाही दोन शब्द. मुलगा पुस्तकातल्या एखाद्या वाक्यावर "असंच कशावरून?" म्हणाला, तर "गप्प बस, परीक्षेत तेच लिही" असं म्हणू नका. त्याच्याबरोबर आणखी एखादं पुस्तक उघडा.

आता या आठवड्याचा उद्योग. १९७२ चा दुष्काळ आठवणारी दोन माणसं शोधा. एक आजी, जी तेव्हा खडी फोडायच्या कामावर गेली असेल. आणि एखादे आजोबा, जे तेव्हा शहरात राहत असतील. दोघांना तेच पाच प्रश्न विचारा. उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहा. मग त्याविषयी छापील काही मिळालं, तर तेही वाचा. तिघांचं कुठे जुळतं, कुठे जुळत नाही, त्याखाली रेघ ओढा.

ती रेघ जिथे ओढाल ना, तिथूनच इतिहासाचा खरा अभ्यास सुरू होतो.

तुमच्या बाई