नकोशा पियानोंना घर कोण देणार?

मुंबईतील जुनी घरे पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली, मुले परदेशी स्थायिक झाली आणि वडीलधारी मंडळी लहान सदनिकेत राहावयास आली, की एक प्रश्न हमखास उभा राहतो : दिवाणखान्यातील पियानोचे काय करावयाचे? कपाटे विकली जातात, भांडी वाटली जातात. पियानो मात्र कोणी नेत नाही. अखेरीस धर्मगुरूंना दूरध्वनी येतो, "फादर, चर्चला दान देतो. फक्त घेऊन जा." साऱ्या अडचणी त्या 'फक्त'मध्येच दडलेल्या असतात.

बेलवली परिसराचेच उदाहरण घ्या. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ साली लाखाच्या आत होती. २०११ पर्यंत ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. परवडणाऱ्या घरांच्या शोधात येथे आलेल्या कुटुंबांच्या नशिबी बहुधा एक वा दोन खोल्याच येतात. ग्रँड पियानोची लांबी पाच ते नऊ फूट आणि वजन सर्वसाधारणपणे अडीचशे ते पाचशे किलो. तो हलवायचा तर पाय काढून, कुशीवर उभा करून, फळीला बांधून न्यावा लागतो. आपल्या इमारतींच्या लिफ्टमध्ये तो मावत नाही. तळमजल्यावर ठेवावा, तर उल्हास नदी दूर नाही. २६ जुलै २००५चा महापूर येथील लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली होती.

ही वाद्ये आपल्याकडे आली कशी, हेही लक्षात घेतले पाहिजे. इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले, क्लब आणि रेल्वे वसाहतींतील इन्स्टिट्यूट ही त्यांची पहिली घरे. शेजारच्या कल्याणातही अँग्लो-इंडियन कुटुंबांची मोठी रेल्वे वसाहत होती. १९४७ नंतर अनेक कुटुंबे परदेशी गेली आणि त्यांचे पियानो येथेच राहिले. दुसरीकडे, गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले कलावंत मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा ते कणा झाले; अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. अशा घरांत पियानो शोभेची वस्तू नव्हती. पुढे सिंथेसायझर आला, मोठे वाद्यवृंद मोडले आणि घराघरांतील पियानोंची झाकणे मिटली.

हे संकट केवळ आपले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वर्षाला तीन लाखांहून अधिक पियानो विकले जात. त्यांची नातवंडे-पतवंडे आज ते फुकटही घेत नाहीत. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ साली कचराभूमीत फोडल्या जाणाऱ्या पियानोंविषयी सविस्तर वृत्त दिले होते. याउलट बेंजामिन ट्रूहाफ्ट या अमेरिकन कारागिराने १९९०च्या दशकापासून दोनशेहून अधिक जुने पियानो क्युबाला पोहोचवले. तेथे शिकणारी मुले होती, वाद्ये नव्हती. विशेष म्हणजे, पियानोंपाठोपाठ सूर लावणारे कारागीरही तेथे गेले. आमच्या मते या उपक्रमाचे खरे यश तेच होय.

कारण पियानो म्हणजे व्हायोलिन नव्हे. चांगले व्हायोलिन शतकानुशतके टिकते, पियानो झिजतो. त्यातील सुमारे २३० तारांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांपर्यंत जातो. तो बिडाच्या चौकटीवर पेलला जातो. परंतु तारांच्या खुंट्या मात्र लाकडी ठोकळ्यात रोवलेल्या असतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत ते लाकूड फुगते, आकसते, कालांतराने चिरते आणि मग खुंट्या सूर धरीत नाहीत. हातोड्यांच्या लोकरी नमद्याला कसर लागते, पेटीला वाळवी. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातील कुशल सुतार पेटी आरशासारखी चकचकीत करून देईल. आवाज त्याने परत येणार नाही. फार जुन्या पियानोंच्या पट्ट्या हस्तिदंताच्या असू शकतात. १९९१च्या दुरुस्तीनंतर आयात केलेल्या हस्तिदंताचाही व्यापार आपल्या देशात बंद आहे, म्हणून असा पियानो विकण्यापूर्वी वन खात्याकडे चौकशी केलेली बरी.

चर्चच्या पदरात पियानो टाकणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली उपासनेत पियानो वाजविण्यास स्पष्ट मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि इतर वाद्ये उपासनेस साजेशी असल्यास स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील असे ठरविले. म्हणजे आज दार बंद नाही. परंतु गायनमंडळाचा की-बोर्ड एक तरुण खांद्यावर आणतो-नेतो, तेथे वर्षातून किमान दोनदा सूर लावून घ्यावे लागणारे अवजड वाद्य कोपऱ्यात फुलदाण्या ठेवण्यासाठीच उरते. दात्याचे मन मोडू नये म्हणून असे दान स्वीकारणे ही सौजन्याची चुकीची रीत होय. त्याचा भार पुढच्या धर्मगुरूंवर पडतो.

मग करावे काय? प्रथम जाणकाराकडून खुंट्या, घुमणारी फळी आणि हातोडे तपासून घ्यावेत. ही तपासणी दात्याने करावी, घेणाऱ्याने नव्हे. मुंबईत धोबीतलावला १८६५पासूनचे फुर्टाडोजसारखे दुकान आहे, तेथे निदान वाट तरी विचारता येते. वाद्य निकामी ठरले तर ते मोडीत काढण्यास संकोच बाळगू नये; आजीची आठवण तिच्या छायाचित्रात आणि वहीतील स्वरलिपीतही राहते. वाद्य सुदृढ असेल तर ते प्रत्येक चर्चला एक असे न वाटता, अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील चार-पाच धर्मग्रामांनी मिळून एखाद्या शाळेच्या वरच्या मजल्यावरील कोरड्या खोलीत ठेवावे. तेथे शिक्षक ठरवावा आणि सूर लावण्याचा पहिल्या तीन वर्षांचा खर्च दात्याच्या कुटुंबाने उचलावा. ग्रँडपेक्षा उभा पियानो अशा खोलीला अधिक सोयीचा.

आपल्याकडे की-बोर्डवर बोटे फिरविणारी मुले पुष्कळ आहेत. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांत की-बोर्ड आणि पियानो यांचे अभ्यासक्रम वेगळे आहेत. यांपैकी किती मुलांना पियानो शिकावयाचा आहे, याची यादी प्रत्येक धर्मग्रामाने आधी करावी. त्या यादीत दहा नावे जमली, तर पियानो आणण्यासाठी टेम्पो सांगावा.